मिलोची आठवण आणि केशरी रताळे

माझी आई ज्वारी निवडायला बसली की तिचा हात एका ठिकाणी हमखास थांबतो. शुभ्र मालदांडीत एखादा लालसर दाणा दिसला, की खडा काढावा तसा ती तो बाजूला काढते. दाण्यात वाईट काहीच नसते. पण १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती आणि मराठवाड्यातल्या तिच्या गावात रेशनवर लाल मिलो मिळत होती. अमेरिकेतून आलेल्या त्या ज्वारीने आणि दुष्काळी कामावरच्या सुकडीने माणसे जगली, हे ती कधी नाकारत नाही. फक्त एवढेच म्हणते, "मिलोची भाकरी ताटात आली की कळायचं, आपल्यावर काय वेळ आलीय ते."

रोजच्या अन्नधान्यातले अ जीवनसत्त्व वाढवण्याचा विषय निघाला की चर्चा जनुकांवर जाते, बियाणे कंपन्यांवर जाते, न्यायालयांच्या निकालांवर जाते. त्या सगळ्याला महत्त्व आहेच. पण बरीच वर्षे हा विषय वाचत आल्यावर माझे मत असे झाले आहे की, ही पिके शेतात जेवढी अडली त्याहून जास्त ताटात अडली. आणि ताटातला निकाल आईच्या त्या बोटांनी लागतो.

याचे कारण साधे आहे. या जीवनसत्त्वाला रंग आहे. दूध, अंडी, यकृत, मासे यांतून अ जीवनसत्त्व थेट मिळते. वनस्पतींतून मिळते ते बीटा कॅरोटीन, ज्याचे शरीर पुढे अ जीवनसत्त्वात रूपांतर करते. हे बीटा कॅरोटीन म्हणजेच गाजराचा, लाल भोपळ्याचा, पिकल्या आंब्याचा रंग. पालेभाजीत ते हिरव्या रंगाखाली झाकलेले असते. धान्यात मात्र त्याला लपायला जागा नाही.

लोहाचे तसे नाही. २०१२ मध्ये इक्रिसॅट ही हैदराबादजवळची संस्था आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांच्या कामातून बाजरीचा 'धनशक्ती' हा जास्त लोहाचा वाण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या हाती आला. पुढे परभणीच्या विद्यापीठाकडून 'परभणी शक्ती' ज्वारी आली, लोह आणि जस्त जास्त असलेली. भाकरी तशीच दिसली, तशीच फुगली, कोणी काही विचारले नाही. लोह घरात गुपचूप शिरते. अ जीवनसत्त्व शिरते ते पिवळ्या-केशरी कपड्यांत, सगळ्यांच्या देखत.

आणि आपल्याला तर पांढऱ्याची ओढ. ज्वारीचा दाणा मोत्यासारखा हवा, तांदूळ पॉलिश केलेला हवा. हातसडीचा लाल तांदूळ आपण गरिबीबरोबर मागे टाकला. अंगमेहनत न करता पोट भरणाऱ्याला आपली भाषाच 'पांढरपेशा' म्हणते. अशा समाजात कोणी पिवळी भाकरी आणली, तर लोक आधी तिच्यातले जीवनसत्त्व पाहणार नाहीत. ती कोणाच्या ताटातली आहे, हे पाहतील.

प्रश्न मुळात किती मोठा आहे, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांचे रक्त तपासले गेले. एक ते चार वर्षांच्या सुमारे १८ टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या २२ टक्के आणि किशोरवयीनांपैकी १६ टक्के मुलांत अ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. जागतिक आरोग्य संघटना २० टक्क्यांची रेषा ओलांडली की कमतरतेला गंभीर सार्वजनिक प्रश्न मानते. म्हणजे लहान मुलांची देशाची सरासरी त्या रेषेच्या जराशी खाली आहे. जुन्या डॉक्टरांनी वॉर्डात पाहिलेली, बुबुळ मऊ पडून डोळाच गेलेली मुले आता क्वचित दिसतात. गोवराची लस, बरे झालेले खाणेपिणे आणि १९७० पासून चाललेला अ जीवनसत्त्वाच्या मात्रांचा कार्यक्रम, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. नऊ महिन्यांच्या बाळाला एक लाख युनिट, मग पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट, अशा एकूण नऊ मात्रा. अंगणवाडीतल्या ताई आणि आशाताई हे काम वर्षानुवर्षे करत आल्या आहेत.

पण या मात्रांबद्दल तज्ज्ञांचे एकमत नाही. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात आल्फ्रेड सॉमर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्रा दिलेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी दिसले आणि जगभरचे कार्यक्रम त्यातून उभे राहिले. उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांना घेऊन झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा फरक जेमतेम चार टक्के निघाला, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. मात्रा बंद करा, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, सरासरी खाली आली म्हणून कमतरता संपत नाही. ती काही पाड्यांत, काही घरांत, काही महिन्यांत साठून राहते. तिथे औषधाचा चमचा सहा महिन्यांतून एकदा पोचतो. भाकरी रोज दोनदा पोचते.

भाकरीत रंग आणायचा, तर तो कसा आणावा? याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उत्तर मोझांबिकमध्ये आहे.

मोझांबिकच्या खेड्यांत रताळे म्हणजे पोटभरीचे अन्न. तिथेही लोक खात होते ते पांढरे रताळेच. २००० साली त्या देशात मोठा पूर आला, शेते वाहून गेली. पूरग्रस्तांना बेणे म्हणून रताळ्याचे वेल वाटायचे ठरले, तेव्हा मारिया आंद्राडे या शास्त्रज्ञ बाईंनी त्यात केशरी गराचे वाण घातले. पुढे जॅन लो यांनी झांबेझिया प्रांतात दोन वर्षांचा प्रयोग केला. नुसते वेल वाटून त्या थांबल्या नाहीत. लहान मुलांच्या आयांना गाठले, रताळे कुस्करून त्यात तेल किंवा शेंगदाणा घालून मुलाला कसे भरवायचे ते दाखवले. आणि बाजार उभा केला. रताळे विकणाऱ्यांच्या टपऱ्या केशरी रंगवल्या, अंगावरचे टी-शर्ट केशरी, आंद्राडे यांची फिरायची गाडीसुद्धा केशरी. 'गोड आणि आरोग्य देणारे' अशा अर्थाची पोर्तुगीज घोषणा लोकांच्या तोंडी बसली. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत हे काम झाले, तिथे रक्तात अ जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलांचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. जिथे काम झाले नव्हते, तिथे ते होते तिथेच राहिले.

या गोष्टीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, त्यांनी रंग लपवला नाही. ज्या रंगामुळे लोक नाक मुरडतील अशी भीती होती, तोच त्यांनी मिरवला. आणि मिरवताना चवीची काळजी घेतली. सुरुवातीचे केशरी वाण पाणचट होते. आफ्रिकेतल्या आयांना रताळे पिठूळ लागते, हातात धरले की न फुटणारे. युगांडात रॉबर्ट म्वांगा यांनी निवड आणि संकर करून पिठूळ केशरी वाण आणले. 'एजुमुला' आणि 'काकामेगा' २००४ मध्ये तिथे प्रसारित झाले. २०११ मध्ये आंद्राडे यांनी मोझांबिकसाठी दुष्काळ सोसणारे पंधरा वाण दिले. या तिघांना आणि बायोफोर्टिफिकेशनची, म्हणजे पिकाच्या वाणातच पोषण वाढवण्याची, कल्पना नव्वदीच्या दशकापासून चिकाटीने लावून धरणारे अर्थतज्ज्ञ हॉवर्थ बॉइस यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. यातल्या एकाही वाणात परके जनुक घातलेले नाही.

झांबियात तर आमच्या मिलोचीच गोष्ट घडली. तिथले मुख्य अन्न म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकड, 'न्शिमा', आणि तो पांढराशुभ्र हवा. पिवळा मका म्हणजे जनावरांचा, किंवा दुष्काळात परदेशातून आलेल्या मदतीचा. ही आठवण तिथल्या लोकांच्या मनात इतकी पक्की की, २०१२ मध्ये बीटा कॅरोटीनयुक्त मक्याचे पहिले तीन संकरित वाण आले, तेव्हा ते 'पिवळा' म्हणून आणलेच नाहीत. 'केशरी मका' असे वेगळे नाव दिले. ती नुसती जाहिरातबाजी नव्हती. साध्या पिवळ्या मक्याचा पिवळेपणा बहुतांश ज्या द्रव्यांमुळे असतो, त्यांच्यापासून अ जीवनसत्त्व होत नाही. कोंबडीने तो खाल्ला की अंड्याचा बलक पिवळाधमक होतो, एवढेच. केशरी मक्यात बीटा कॅरोटीन खरोखर जास्त असते, म्हणून नावही खरेच वेगळे हवे होते.

मक्याच्या यशाबद्दल मी जपून बोलेन. झांबियातल्या म्कुशी भागात मुलांना हा मका खाऊ घालून झालेल्या अभ्यासात रक्तातले बीटा कॅरोटीन वाढले, पण अ जीवनसत्त्वाची रक्तातली पातळी वाढली नाही. त्याच मुलांपैकी ज्यांच्यात कमतरता होती, त्यांच्या बाहुल्या मंद प्रकाशात अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागल्या. म्हणजे फायदा झाला, पण जेवढा सांगितला जातो तेवढा सरळ नाही. शिवाय मका साठवला की महिन्यागणिक हे द्रव्य घटत जाते. हे सगळे लोकांना स्पष्ट सांगायला हवे. जादा आश्वासने देऊन आणलेले अन्न पहिल्या निराशेतच फेकले जाते.

आता सोनेरी तांदळाकडे, म्हणजे गोल्डन राइसकडे वळतो. अ जीवनसत्त्वाचे पीक म्हटले की जगाला हेच नाव आठवते. जानेवारी २००० मध्ये झुरिकचे इंगो पोट्रीकस आणि फ्रायबुर्गचे पेटर बायर यांनी भाताच्या दाण्यात बीटा कॅरोटीन तयार करून दाखवले. तांदळाच्या दाण्यात ते निसर्गतः अजिबात नसते, म्हणून ही करामत मोठीच होती. पण त्या पहिल्या वाणात प्रमाण अगदी थोडे होते, एका ग्रॅमला १.६ मायक्रोग्रॅम. टीकाकारांनी हिशेब मांडून विचारले, मुलाने दिवसाला किती किलो भात खायचा? २००५ मध्ये मक्यातले जनुक वापरून हे प्रमाण ३७ मायक्रोग्रॅमपर्यंत गेले. पुढे फिलिपिन्समध्ये लावलेल्या वाणात ते त्याहून बरेच कमी उतरले. भारतात 'स्वर्णा' या लोकप्रिय भातात एक सोनेरी प्रकार उतरवला गेला, तर झाडे बुटकी निघाली, पाने फिकट पडली, उत्पादन घटले. नवे जनुक जिथे जाऊन बसले होते, तिथे झाडाच्या वाढीसाठी लागणारे जनुकच बिघडले होते. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे २०१७ मध्ये उघडपणे प्रसिद्ध केले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

मी सोनेरी तांदळाच्या विरोधात नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये फिलिपिन्सच्या बिकोल भागात चाचणीचे शेत आंदोलकांनी उपटून टाकले, ते चूकच होते. ज्या प्रयोगातून धोका आहे की नाही हे कळणार, तोच मोडून धोक्याची भाषा कशी करायची? तो वाण असुरक्षित असल्याचा विश्वासार्ह पुरावा मी आजवर पाहिलेला नाही. तरीही समर्थकांना मी एक गोष्ट विसरू देणार नाही. २००८ मध्ये चीनच्या हुनान प्रांतात शाळकरी मुलांना हा तांदूळ खाऊ घालण्यात आला आणि हा जनुक बदललेला तांदूळ आहे, हे त्यांच्या पालकांना नीट सांगितले गेले नाही. २०१२ मध्ये हे उघड झाले, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, तो शोधनिबंध २०१५ मध्ये मागे घेण्यात आला. निबंधातले आकडे कदाचित बरोबर असतील. पण गरिबाच्या मुलाच्या वाटीत काय पडते आहे, हे त्याच्या आईला विचारायची गरज वाटली नाही, ही वृत्ती त्यातून दिसली. १९७२ ला मिलो वाटताना तरी ती काय आहे, हे सगळ्यांना माहीत होते.

फिलिपिन्सने २०२१ मध्ये सोनेरी तांदळाच्या लागवडीला परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती रोखली. बांगलादेशात अर्ज वर्षानुवर्षे पडून आहे. भारतात तर जालन्याच्या महिको कंपनीने तयार केलेल्या, जनुक बदललेल्या बीटी वांग्यालाच फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली, तिथे तांदळाचे काय सांगावे. पंचवीस वर्षांत सोनेरी तांदूळ जेवढा वर्तमानपत्रांत शिजला, त्याच्या मानाने अगदी थोडाच चुलीवर शिजला. त्याच पंचवीस वर्षांत मोझांबिक आणि युगांडातल्या बायका शेजारणीकडून रताळ्याचा वेल मागून आणून लावत होत्या.

इथे एक रास्त आक्षेप येतो. एवढी उठाठेव कशाला? आपल्याकडे शेवगा आहे, तांदुळजा आहे, लाल माठ आहे, भोपळा आहे, ते खा. मलाही पालेभाजी प्रिय आहे आणि परसबागेच्या कार्यक्रमांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण पालेभाजीतले बीटा कॅरोटीन शरीराला सहजासहजी मिळत नाही. ते पानाच्या पेशींत घट्ट अडकलेले असते. रताळ्या-भोपळ्यातून ते त्यामानाने सुटे होते. आणि दोन वर्षांच्या मुलाला शेवग्याची भाजी वाटीभर खायला लावून बघा. मार्च ते जून या काळात कोरडवाहू गावात पालेभाजी मिळते कुठे आणि परवडते कोणाला, हा प्रश्न शहरात बसून सुटत नाही. ज्याच्या ताटात विविधता आहे, त्याने इतरांना विविधतेचा उपदेश करणे सोपे असते. विविधता यायलाच हवी. ती येईपर्यंत मुलाचे डोळे थांबत नाहीत.

दुसरा आक्षेप सरकारी बाजूने येतो. तेलात आणि दुधात अ जीवनसत्त्व मिसळले की काम झाले. वनस्पती तुपात ते मिसळायची सक्ती भारतात १९५३ पासून आहे, म्हणजे ही कल्पनाही जुनी आहे. पाकीटबंद तेल घेणाऱ्या घरांत तिचा उपयोग होतोच. पण ज्या घरात सुटे तेल दहा-वीस रुपयांचे आणून भाजी होते, नेमके तेच घर यातून सुटते.

मग महाराष्ट्राने काय करावे? इथे मला पुन्हा रताळे दिसते.

आपल्या राज्यात रताळ्याला एक मान आहे, जो झांबियातल्या पिवळ्या मक्याला कधीच नव्हता. आषाढी एकादशीला आणि महाशिवरात्रीला पुण्या-मुंबईच्या बाजारात बेळगावहून, करमाळ्याहून रताळ्याची पोती येतात. गाजर उपासाला चालते की नाही, यावर घराघरांत वाद होतील. रताळ्यावर होत नाही. उपासाचे ताट नीट पाहिले तर त्यातले बरेचसे दर्यापारहून आलेले आहे. बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद आणि स्वतः रताळे, सगळे मूळ अमेरिका खंडातले. मिलोही अमेरिकेतूनच आली. मिलो संकटाच्या दारातून आली म्हणून आईच्या बोटांनी तिला अजून माफ केलेले नाही. बटाटा एकादशीच्या दारातून आला आणि देवाला चालला. परके अन्न आपण नाकारतो, ही समजूत खोटी आहे. आपण नाकारतो ते लाज घेऊन आलेले अन्न.

म्हणून माझे म्हणणे असे आहे: केशरी रताळे 'कुपोषितांचे अन्न' म्हणून नंदुरबारच्या पाड्यावर आधी नेऊ नका. ते आधी, निदान त्याच वेळी, पुण्यातल्या एकादशीच्या ताटात आणा. तुपावर परतलेला रताळ्याचा कीस, वर दाण्याचे कूट, गुळातल्या चकत्या. योगायोग असा की, बीटा कॅरोटीन अंगी लागायला जी स्निग्धता लागते, ती या पदार्थांत आयतीच आहे. सदाशिव पेठेतल्या ताटात जे मिरवले जाईल, ते पाड्यावरच्या आईला लाजेचे वाटणार नाही. उलट्या क्रमाने गेलो तर मिलो पुन्हा घडेल. गरिबांना वेगळे अन्न देण्याची सरकारी सवय हाच या पिकांचा सर्वांत मोठा शत्रू आहे, असे मी मानतो.

वाण देशात आहेत. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेचा 'भू सोना' हा केशरी वाण १०० ग्रॅमला १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन देतो. नेहमीच्या वाणांत ते दोन-तीन मिलिग्रॅम असते. लहान मुलाची दिवसाची गरज साधारण ४०० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्वाची धरली आणि बारा भाग बीटा कॅरोटीनचा एक भाग अ जीवनसत्त्व होतो असा कडक हिशेब लावला, तरी ५० ग्रॅम रताळ्यात, शिजवताना होणारी घट सोसून, ती जवळपास भागते. ५० ग्रॅम म्हणजे चार चकत्या. याच्या तुलनेत दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचा 'पुसा विवेक क्यूपीएम ९ इम्प्रूव्ह्ड' हा मका, जो २०१७ मध्ये आला, एका ग्रॅमला ८.१५ मायक्रोग्रॅम देतो. साध्या मक्याच्या मानाने ते कितीतरी पट आहे, पण एकट्या भाकरीवर मुलाची गरज भागेल असे नाही. त्याचा फायदा वेगळा आहे. सातपुड्यात मक्याची भाकरी रोजची आहे, रताळे रोजचे नाही.

मात्र धडगाव-अक्कलकुव्याच्या उतारांवर गावठी मक्याचे पांढरे, पिवळे, लाल वाण लोकांनी जपून ठेवले आहेत. त्यांच्या जागी दरवर्षी विकत घ्यावे लागणारे संकरित बियाणे आणून बसवले, तर एक कमतरता भरताना दुसरी गोष्ट हातातून जाईल. केशरीपणा त्या गावठी मक्यात उतरवण्याचे काम आपल्या विद्यापीठांनी हाती घ्यावे. ते वेळखाऊ आहे, तरी. रताळ्याला ही अडचण नाही. वेलाचा वीतभर तुकडा कोणाच्याही बांधावरून आणता येतो आणि त्याच्यावर कोणाची मक्तेदारी चालत नाही.

भू सोना मुळात ओडिशासाठी शिफारस केलेला आहे. आपल्या मातीत, आपल्या पावसात तो कसा चालतो, त्यावर सोंड्या भुंग्याचा त्रास किती होतो, तो इथल्या लोकांना पुरेसा पिठूळ लागतो का, हे तपासल्याशिवाय गावोगाव वाटू नये. दापोलीच्या कृषी विद्यापीठात कंदपिकांवर काम होते. रताळ्याचा 'कोकण अश्विनी' वाण तिथलाच. चाचण्या तिथे आणि करमाळ्यासारख्या, जिथे लोक आधीपासून रताळे पिकवतात अशा भागांत व्हाव्यात. आणि चाखायला शास्त्रज्ञांबरोबर तिथल्या बायका बसाव्यात.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो टाळण्यासारखा नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले, तणनाशक सोसणारे कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले, कारण त्यांना त्यात खुरपणीचा खर्च वाचताना दिसत होता. अ जीवनसत्त्वासाठी असा सत्याग्रह कोणी करणार नाही. ग्राहक जीवनसत्त्व मोजत नाही, व्यापारी त्याचा भाव देत नाही, मग शेतकऱ्याने ते का पिकवावे? इथे खरेदीदार सरकारच असले पाहिजे. आदिवासी भागांत २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर बायकांना एक वेळचे ताजे जेवण आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. अंडे तर अ जीवनसत्त्वाचा उत्तम आणि थेट स्रोत आहे, ते कोणत्याही वादापायी काढू नये. त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस उकडलेले केशरी रताळे द्यावे आणि ते त्याच तालुक्यातल्या बचत गटांकडून, लावणीच्या आधी भाव जाहीर करून घ्यावे. आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत सरसकट सगळ्या मुलांना द्यावे. वजनकाट्यावर लाल पट्ट्यात आलेल्या मुलांनाच वेगळे बोलावून नाही.

गेल्या महाशिवरात्रीला ओळखीतल्या एकांनी ओडिशाहून आणलेली केशरी रताळी मी आईपुढे ठेवली. तिने एक चिरले, रंग पाहिला, वास घेतला. मी मिलोचे काही बोललो नाही. तिने अर्धी चकत्यांना घेतली, अर्धी किसली, तुपात परतून नैवेद्याच्या वाटीत घातली आणि म्हणाली, "गाजरासारखं दिसतंय, पण रताळंच आहे. गूळ कमी घाल."

रताळ्याला तयार व्हायला साडेतीन ते चार महिने लागतात. पुढच्या महाशिवरात्रीला ते बाजारात हवे असेल, तर वेल ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत शेतात लागले पाहिजेत, आणि तेवढे बेणे पुरवायचे तर रोपवाटिकेतली लावणी पावसाच्या सुरुवातीलाच व्हायला हवी. म्हणजे मंत्रालयातला कागद उन्हाळा सरायच्या आत हलला पाहिजे.